गाडी आधी कुणाच्या दारी

तुयुक-सूमधली चाळिशीच्या आतली बहुतेक माणसं उमसुनाय एजेच्या हातांत जन्मली. सामूहिक शेतीच्या काळात ती गावच्या दवाखान्यात सुईण होती. पुढे शेती मोडली, बाळंतपणाची खोली बंद झाली, तिच्या हातात निवृत्तीचा कागद पडला. तरी एखादी बाई अडली की घरचा माणूस आधी तिच्याच दारात येऊन उभा राही. एजे म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे म्हातारेही तिला एजेच म्हणत.

अशा बाईला घाबरलेलं मी एकदाच पाहिलं, आम्ही तिला विश्वस्त केलं त्या दिवशी.

झालं असं, की राजधानीतल्या एका संस्थेची दोन माणसं गावात आली होती. क्लबघरात सगळ्यांना बसवून म्हणाली, तुमच्या गावाचा निधी तुम्हीच उभा करा, तो चालवायला तुमच्यातलेच सात जण निवडा, त्यांना पगार नाही. तुम्ही जेवढं जमवाल तेवढीच भर आम्ही घालू. कुणी मेंढा दिला, कुणी लोकरीचं पोतं दिलं. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं त्यांनी अंगमेहनत दिली. मग हात वर करून सात विश्वस्त निवडले. अध्यक्ष शामिर झाला, कारण त्याच्याकडे सगळ्यांत जास्त मेंढ्या होत्या आणि बोलायला लागला की समोरचा आपलं विसरून जाई. शाळेत भूगोल शिकवणारा म्हणून मला घेतलं, बैठकीत काय ठरलं ते लिहायला. आणि बायकांच्या रांगेतून एकच नाव आलं: उमसुनाय.

ती उठली, चेहरा पांढरा झालेला. म्हणाली, "मला बाळं काढता येतात. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे मला नाही येत."

शामिरचा म्हातारा बाप ओस्मोन, ज्याला सगळे मानानं अता म्हणत, पुढच्या बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो म्हणाला, "बाळं तरी कुठं निवडून काढलीस, एजे? निवडली असतीस तर माझ्या शामिरला आल्या वाटेनं परत ढकललं असतंस."

सगळं क्लबघर हसलं. शामिरही हसला. एजे बसली, आणि ते तिचं होकार देणं धरलं गेलं.

पहिल्या वर्षी आम्ही गावचं न्हाणीघर दुरुस्त केलं. दुसऱ्या वर्षी गाडी घेतली. करडी, जुनी रशियन व्हॅन, दिसायला हुबेहूब पावाच्या लादीसारखी, म्हणून सगळे तिला 'पाव'च म्हणत. जिल्ह्याचं इस्पितळ घाटापलीकडे, आणि हिवाळ्यात त्या घाटातून शामिरची जीप सोडली तर दुसरी कुठलीच गाडी धड जात नसे. गाडी फक्त आजाऱ्यांसाठी, असं ठरलं. नियम शामिरनं स्वतः सांगितला, मी लिहिला: ज्याचा जीव जास्त धोक्यात, गाडी आधी त्याच्या दारी, तो कुणाचा कोण, हे विचारायचं नाही. कागद क्लबघराच्या भिंतीवर लावला. किल्ली कुणी ठेवायची यावर फार बोलणं झालं नाही. जी आजार ओळखते तिनंच ठेवायची. एजेनं ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

गाडी चालवायला जोल्दोश होता, थोडं तोतरं बोलणारा, गाडीवर बायकोहून जास्त जीव असलेला. त्याला एजेचा एक निरोप पुरे. बाकी कुणाचा निरोप आला की तो म्हणे, "कि-किल्ली गळ्यात आहे, माझ्या नाही."

आणि मग लोक एजेकडे जात.

"एजे, पलीकडच्या खोऱ्यातून नवरी आणायचीय. गाडी दे."

"नवरी आजारी आहे का?"

"नाही, पण थंडी केवढी आहे."

"मग घोड्यावर बसवून आण. जाड रजई घाल अंगावर."

"तुझ्या लग्नात घोडा होता म्हणून आमच्याही लग्नात घोडाच का?"

"माझ्या लग्नात घोडाही नव्हता. पाय होते."

लोक हसत परत जात, पण घरी पोचेपर्यंत हसू उरत नसे. कुणाच्या मामाच्या वर्षाच्या जेवणाला गाडी मिळाली नाही, कुणाचे बटाटे बाजारात पोचले नाहीत, एकाची म्हातारी दातासाठी शहरात जायची राहिली. शामिरनंही एकदा शरदात मेंढे बाजाराला न्यायला गाडी मागितली. क्लबघराच्या पायऱ्यांवर, चारचौघांत. एजे म्हणाली, "मेंढ्यांना काय झालंय?" तेव्हाही तो हसला होता. माझ्या लक्षात राहिलं, कारण हसताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, आमच्याकडे पाहिलं, आम्ही हसतोय का ते बघायला. आम्ही हसत होतो.

तीन वर्षांत गाडीनं सव्वीस आजारी माणसं घाटापलीकडे नेली. त्यातलं एक माणूस सोडलं तर सगळी परत आली. पण बरं झालेला माणूस म्हणे, देवाची कृपा; आणि नाही म्हटलेला माणूस म्हणे, उमसुनाय.

तो फेब्रुवारीतला दिवस. मधली सुट्टी झाली होती, मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो. सुयुमकान डोक्याला रुमाल नाही, पायांत घरातल्या सपाता, अशी बर्फातून धावत गेली. विधवा बाई, एकुलता एक मुलगा मॉस्कोत गोदामात कामाला, घरात आठव्या महिन्यातली सून मेरिम. ती एजेच्या दाराशी पोचायच्या आतच एजे बाहेर आलेली. मी मागोमाग गेलो. मेरिमला एजेनं पाहिलं, पोटाला एकदा हात लावला, गादी पाहिली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मास्तर, जोल्दोशला सांग, चाकांना साखळ्या बांध. आत्ता."

मेरिमला रजईसकट उचलून आम्ही 'पाव'मध्ये ठेवली. दवाखान्यातली तरुण परिचारिका तिच्याजवळ बसली. एवढ्यात वरून घोडा आला. शामिरचा मेंढपाळ होता. ओस्मोन अता हिवाळी गोठ्यावर मेंढ्या बघायला गेला होता, छातीत कळ येऊन पडला होता. गोठा गावाच्या वर अकरा किलोमीटर, खोऱ्याच्या टोकाला. घाट बरोबर उलट्या दिशेला. गाडी वर जाऊन परत यायला त्या बर्फात दीड तास तरी.

एजे गाडीच्या दारातून आत वाकली. तिनं परिचारिकेला विचारलं, "किती?" परिचारिकेनं रक्तानं भिजलेला कपडा वर करून दाखवला. एजेनं जोल्दोशच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाली, "खाली. कुठंही थांबायचं नाही."

मग तिनं माझ्या फोनवरून शामिरला लावला. तो त्या दिवशी जिल्ह्याच्या गावी होता, मित्राच्या मुलाच्या समारंभाला, त्याची मोठी जीप घेऊन. फोनमधून गाणं ऐकू येत होतं. मी शेजारीच उभा होतो, तो काय बोलतो ते सगळं ऐकू आलं.

"गाडी वर पाठव. लगेच."

"गाडी घाटाकडे निघालीय."

"कुणाला घेऊन?"

"मेरिमला."

"कोण मेरिम?"

"सुयुमकानची सून. रक्त जातंय."

तिकडचं गाणं बंद झालं. तो बाहेर आला असावा. "एजे, माझा बाप आहे तो."

"ठाऊक आहे. तू जीप घेऊन निघ. मी घोड्यावर वर जाते."

फोन माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "तुझा घोडा आण, मास्तर. जीन घालून." त्रेसष्ट वर्षांची बाई. रिकीब मी धरली. औषधाची पिशवी पोटाशी बांधून ती त्या मेंढपाळाच्या मागोमाग वर गेली.

मेरिमला दिवस मावळायच्या आत इस्पितळात पोचवलं. पोट कापून मूल काढलं. मुलगी, मांजराच्या पिल्लाएवढी, पण रडली. डॉक्टर परिचारिकेला म्हणाला, अजून अर्धा तास गेला असता तर दोघींना परत न्यायला गाडी लागली नसती, गाढव चाललं असतं. त्याची बोलायची तऱ्हाच तशी होती.

वर गोठ्यावर ओस्मोन अता एजेच्या मांडीवर गेला. सुई टोचून झाली होती, त्यापलीकडे तिच्या पिशवीत काही नव्हतं. शामिर पोचला तेव्हा बापाची हनुवटी बांधून झाली होती.

आम्ही म्हाताऱ्याला रीतसर पुरलं. दुखवट्याचे चाळीस दिवस कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, शामिरला कळलंय. एकेचाळिसाव्या दिवशी त्यानं विश्वस्तांची बैठक लावली.

क्लबघर भरलं होतं. बैठक सातांची, पण बोलावणं साऱ्या गावाला होतं. शामिर आवाज चढवणारा माणूस नव्हताच. तो म्हणाला, "माझा बाप गेला म्हणून मी बोलत नाहीये. म्हातारा होता, जायचाच होता. मी निधीचा अध्यक्ष म्हणून विचारतोय. विश्वस्तांना न विचारता गाडी कुठं जायची हे एकटीनं ठरवलं, हे बरोबर का?"

एजे म्हणाली, "विचारायला वेळ किती होता?"

"मला फोन केलास ना? मग वेळ होता."

"तुला सांगायला केला होता. विचारायला नाही."

लोकांत कुजबुज झाली. तेवढं एक वाक्य तिनं दुसऱ्या तऱ्हेनं म्हटलं असतं, तर कदाचित. पण तिला दुसऱ्या तऱ्हेनं बोलता येत नव्हतं.

शामिरनं सुयुमकानला उभं केलं. तिनं रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"सुयुमकान अपा, गाडी तुम्ही मागितली होती?"

"आम्ही... एजेला बोलवायला गेले होते मी. गाडी नव्हती मागितली."

"सून फार अत्यवस्थ होती का?"

"कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण घाबरतेच. थांबता आलं असतं, थोडं."

एजे तिच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. पोटातलं मूल कुठल्या बाजूला फिरलंय ते बघावं तसं बघत होती. सुयुमकाननं मान वर केली नाही. तिचा मुलगा ज्या गोदामात होता ते शामिरच्या मेव्हण्याचं. तिच्या दोन गाईंचा हिवाळ्याचा चारा शामिरच्या कुरणातला. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शामिरची जीप त्या दुपारी कुठल्या हॉटेलपुढे उभी होती हेही ठाऊक होतं. परिचारिका आली नव्हती. तिला जिल्ह्याहून बोलावणं आलं होतं म्हणे. इस्पितळाचा कागद फक्त घरच्यांनाच मिळतो, आणि घरच्यांनी तो आणला नव्हता.

मागच्या भिंतीशी जोल्दोश उभा होता. तो बोलायला लागला आणि अडखळला, दोघं हसले, तरी तो थांबला नाही. "गा-गाडीच्या फळीवर रक्त होतं. मी दोन दिवस ओढ्यावर नेऊन घासली. अजून डाग आहे. ज-ज्याला बघायचं त्यानं बाहेर येऊन बघा."

कुणी बाहेर गेलं नाही. शामिर म्हणाला, "तू चालक आहेस, जोल्दोश. विश्वस्त नाहीस." मग तो एजेकडे वळला, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज हलला. "एकच विचारतो. माझ्या बापाजवळ तू होतीस. तो शेवटी काय म्हणाला?"

मला आजही वाटतं, तिथं ती खोटं बोलू शकली असती. म्हाताऱ्यानं तुला आशीर्वाद दिला, म्हणाला बरं केलंस, माझं जगून झालंय. असं म्हणाली असती तर कुणी तपासायला जाणार नव्हतं, आणि शामिरलाही ते हवं असेल, कुणास ठाऊक. मेंढपाळ बाहेर मेंढ्यांत होता, आत ती एकटीच होती.

ती म्हणाली, "गाडी आली का, असं विचारत होता."

"आणि तू काय सांगितलंस?"

"वळणापर्यंत आलीय म्हणून सांगितलं."

"किती वेळा विचारलं त्यानं?"

"चार वेळा."

"चारही वेळा तू हेच सांगितलंस?"

"हो."

शामिर खाली बसला. त्यानं चेहरा दोन्ही हातांत घेतला. ते रडणं खरं होतं, यात मला शंका नाही. पण ते पाहिल्यावर आणखी काही बोलायची गरजच उरली नाही. कुणीतरी बाजूनं म्हणालं, किल्ली अध्यक्षाकडे राहावी, आणि एजेनं आता आराम करावा. हात वर करा.

चार हात लगेच गेले. पाचवा माझा. मला कुणी धमकावलं नव्हतं. माझा मुलगा कुठल्या गोदामात नव्हता, माझा चारा माझ्याच कुरणातला होता. शेजारचे हात वर गेले आणि माझाही गेला. काय ठरलं ते मग मीच लिहून काढलं, चांगल्या अक्षरात.

एजे गळ्यातला दोरा काढायला लागली. तो रुमालाच्या गाठीत अडकला. ती एका हातानं गाठ शोधत होती, आणि दोनशे माणसं बघत बसली होती. शेवटी तिनं दात लावून दोरा तोडला, किल्ली टेबलावर ठेवली.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला गाठलं. "एजे, मी काय म्हणतो," असं म्हणत मी तिला थांबवायला हात पुढे केला.

"हात खाली ठेव, मास्तर," ती म्हणाली. "मोजून झालेत."

त्यानंतर गावानं तिला छळलं वगैरे नाही. आमच्यात तसं करत नाहीत. भेटली तर लोक तब्येत विचारत, गाईची तब्येत विचारत आणि पुढे जात. ओस्मोन अताच्या वर्षाच्या जेवणाला तीन घोडे कापले. एजेही गेली, जायलाच हवं होतं. आमच्यात मान असतो तो मांसाच्या तुकड्यात: कुणाला कुठलं हाड, हे वयावर आणि प्रतिष्ठेवर ठरतं. तिच्या वयाच्या बायकांना मांडीची हाडं वाढली. तिला दाराशी, चहा ओतणाऱ्या सुनांच्या पंगतीत जागा दिली आणि पुढ्यात एक बरगडी ठेवली. तिनं ती रुमालात बांधून घेतली आणि घरी जाऊन कुत्र्याला घातली. कुत्रा आमच्या कुंपणाला लागूनच होता, म्हणून मला ठाऊक.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मेरिमच्या मुलीला हगवण लागली. परिचारिकेची बदली झाली होती, नवी आली नव्हती. गाडी होती, पण ती शामिरच्या मेंढ्यांना घेऊन बाजाराला गेली होती. सुयुमकाननं मेरिमलाच पाठवलं, स्वतः जायचा धीर झाला नाही. एजे आली. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ येत राहिली, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत राहिली. तिसऱ्या दिवशी पोरगी उठून बसली. सुयुमकाननं दस्तरखान पसरला, चहा ओतला, नान मोडून ठेवला. हे मला मेरिमनंच सांगितलं.

"एजे, घोटभर चहा."

"नको."

"निदान नान तरी तोंडाला लाव."

आमच्याकडे कितीही घाईतला माणूस नानचा तुकडा तोंडाला लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. वैऱ्याच्या घरातूनही नाही.

"भूक नाही मला," एजे म्हणाली.

"भुकेसाठी नाही म्हणत मी."

"ठाऊक आहे."

सुयुमकान तिच्या वाटेत उभी राहिली. "मी काय करणार होते, एजे? तूच सांग. मुलगा त्याच्या हाताखाली. घरात पुरुष नाही. तू एकटी आहेस, तुझी मुलगी शहरात खाऊनपिऊन सुखी. तुला खरं बोलणं परवडतं."

एजेनं चपला घातल्या. "पोरीला आठवडाभर उकळलेलंच पाणी दे," एवढं म्हणाली आणि गेली. नान तसाच राहिला.

त्या शरदात कुणी निधीला लोकर दिली नाही. मेंढाही दिला नाही. मागितलाही नाही कुणी. 'पाव' आणखी एक हिवाळा लग्नं आणि मेंढे वाहत चालली, मग घाटात तिचा गिअर तुटला. ओढत आणून क्लबघरामागे उभी केली. जोल्दोश रशियाला गेला. सातांपैकी दोघांनी यायचं बंद केलं. बैठका झाल्या नाहीत तरी त्या झाल्याचं मी लिहीत होतो, कारण राजधानीतून अजून अधूनमधून पत्र येई.

मागच्या एप्रिलमध्ये एजे गेली. आजारी फार दिवस नव्हती. पोटात गाठ होती आणि तिला ती केव्हाची कळली होती, असं तिची मुलगी म्हणाली. घाटापलीकडे न्यायची गोष्ट निघाली तेव्हा तिनं नको म्हटलं.

अंगणात तंबू उभारला. आत तिला ठेवलं, तिच्याभोवती बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या, आक्रोशाची गाणी सुरू झाली. लेकीच्या शेजारची जागा मुलींची आणि सुनांची. तिथं मेरिम जाऊन बसली आणि लेकीसारखी कमरेवर हात ठेवून गायला लागली. सुयुमकान आत गेली, तिनं मेरिमचा खांदा हलवला, कानात काही म्हणाली. मेरिम उठली नाही. सासूचा हात तिनं न बघताच काढून ठेवला आणि गात राहिली. त्या दिवशी तिचा आवाज बाहेर पुरुषांच्या रांगेपर्यंत येत होता.

नमाजासाठी आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो. गावात मेलेल्या माणसासाठी सगळं गाव येतं, त्यात कसूर नसते. पुढच्या रांगेत मधोमध शामिर, डोक्यावर उंच पांढरी टोपी. मौलवीनं रीतीप्रमाणे जमलेल्यांकडे तोंड केलं आणि विचारलं, "ही बाई कशी होती?"

"चांगली होती," सगळे म्हणाले. शामिरचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"कशी होती?"

"चांगली होती."

मौलवी तिसऱ्यांदा विचारतो. तेव्हा मीही म्हणालो, शेजाऱ्यांच्या बरोबरीनं, खणखणीत. मग आम्ही तिला उचलली, आणि खांद्यावरून पाळीपाळीनं टेकडीकडे नेली. गाडी नव्हती.